नारायण सुर्वे यांच्या ‘माझी आई’ या कवितेतील कामगार स्त्री : एक पुनर्वाचन

नारायण सुर्वे (१९२६-२०१०) यांना ‘कामगार कवी’ म्हणण्याची मराठी समीक्षेला इतकी सवय झाली आहे की घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, गिरणी कामगार, शाळेतील शिपाई आणि १९६१ पासून शिक्षक हा त्यांचा प्रवास चरित्रात्मक टिपणापुरताच उरतो. एकाच माणसाने एकापाठोपाठ आणि एकाच वेळी निभावलेल्या अनेक भूमिका हा त्यांच्या कवितेचा गाभा आहे, याकडे त्यामुळे दुर्लक्ष होते.

‘माझी आई’ ही कविता आपण वर्गात सामान्यतः मातृप्रेमाची कविता म्हणून शिकवतो. वस्तुतः तिच्यातील काळ भोंग्याने मोजला जातो. पहाटे गिरणीची वाट धरणारी आई मागे वळून पाहते, मुलांना कुशीत घेते, समजावते. तिचे आईपण पाळी सुरू होण्यापूर्वीच्या त्या थोडक्या क्षणांत बसवलेले आहे. कामगार आणि आई या दोन भूमिकांचा संघर्ष कवी कोठेही बोलून दाखवत नाही. चालता चालता वळलेल्या मानेतून तो व्यक्त होतो. ती गेल्यावर पाच भावंडे उघडी पडतात. या प्रसंगाचे आत्मचरित्रात्मक वाचन करण्याचा मोह मात्र टाळावा. सुर्वे यांना वाढविणारे गंगाराम आणि काशीबाई हे गिरणी कामगार दांपत्य निवृत्तीनंतर कोकणात परतले आणि नारायण मुंबईत एकटे राहिले. कवितेतील मृत्यू त्या जोडप्याचा नव्हे. कवीने तो निर्माण केला आहे.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील आमच्या महाविद्यालयात सकाळच्या तासाला रात्रपाळी करून आलेले विद्यार्थी बसतात. (हजेरीचा नियम त्यांना कसा लावावा, हा प्रश्न वेगळा.) औषध कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या एका आईच्या मुलीने ही कविता शिकवताना मला विचारले, “सर, ती गिरणीत नेमके काय काम करायची?” कवितेत याचे उत्तर नाही.  मुलाच्या निवेदनाने कवितेला आर्तता दिली हे खरे, परंतु त्याच निवेदनाने आईचे कौशल्य, तिचा थकवा दृष्टीआड केला. मुंबईच्या गिरण्यांत स्त्रिया प्रामुख्याने वाइंडिंग व रीलिंग खात्यांत असत, म्हणून मी ‘बहुधा वाइंडिंग’ असे सांगितले. त्या मुलीने ते वहीत लिहून घेतले. ते मी इतिहासातून आणले होते, कवितेतून नव्हे.