साइट ब्लॉक करणं म्हणजे सेन्सॉरशिप का? आधी प्रश्न तपासूया

संशोधन प्रस्ताव लिहायला बसलं की आपण सगळी ताकद उत्तरावर लावतो. प्रश्न कुठून आला, कोणी मांडला, त्यात काय गृहीत धरलंय, हे बघायचं राहूनच जातं. म्हणून आज एक निकालपत्र वाचूया. त्यातलं उत्तर बऱ्यापैकी पटतं, पण प्रश्न मात्र जरासा बाजूला सरकवलेला आहे. कायद्याचे विद्यार्थी नसलात तरी वाचा, कारण शेवटी गाडी तुमच्या-माझ्या संदर्भसूचीवरच येणार आहे.

निकाल आहे ‘यूटीव्ही सॉफ्टवेअर कम्युनिकेशन विरुद्ध १३३७एक्स’. दिल्ली उच्च न्यायालय, १० एप्रिल २०१९, न्यायमूर्ती मनमोहन. पायरेटेड सिनेमे पुरवणाऱ्या साइट्स इंटरनेट कंपन्यांनी पूर्णपणे अडवाव्यात, अशी निर्मात्यांची मागणी होती. साइटवाले कोर्टात आलेच नाहीत. म्हणून कोर्टाने एका वकिलांना न्यायमित्र नेमलं, मुद्दे काढले आणि एकेकाचं उत्तर दिलं. भारतात साइट ब्लॉक करण्याबद्दल इतकी सविस्तर चर्चा त्याआधी क्वचितच झाली होती. त्यामुळे हा निकाल टाळून या विषयावर लिहिता येत नाही.

निकालात चांगलं काय आहे

टीका करायची असेल तर आधी समोरच्याची बाजू तिच्या सगळ्यात भक्कम रूपात मांडायची, हा नियम पाळूया.

अडचण खरी आहे. एक साइट बंद केली की तीच साइट नावात एखादा आकडा बदलून दुसऱ्या दिवशी हजर. दर वेळी नवा दावा लावायचा तर निर्माता कोर्टाच्या पायऱ्याच झिजवत बसेल. मोठा स्टुडिओ हे सोसेल. ज्या मराठी सिनेमाला थिएटर मिळतं तेच मोजके आठवडे, त्याचं काय? सिंगापूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या एका निकालाचा आधार घेऊन दिल्लीने यावर ‘डायनॅमिक’ म्हणजे गतिमान मनाई हुकूम आणला. त्याच साइटची नवी नक्कल निघाली की वादीने थेट जॉइंट रजिस्ट्रारकडे जायचं आणि ते नाव यादीत घालून घ्यायचं.

शिवाय कोर्टाने कोणतीही साइट उचलून अडवा असं म्हटलेलं नाही. साइटचा मुख्य उद्देश काय, मालक ओळख लपवतो का, तक्रारीला दाद देतो का, अशा कसोट्या दिल्या. हे कामाचं आहे.

आता प्रश्न बघा

निकालातल्या मुद्द्यांपैकी दुसरा मुद्दा साधारण असा आहे: पायरसीसाठीच चालणारी साइट अडवा अशी मागणी केली, म्हणून ती करणारा मुक्त इंटरनेटचा विरोधक ठरतो का?

कोर्टाचं उत्तर: नाही. हस्तिदंताच्या आयातीवर बंदी मागणारा माणूस व्यापाराचा शत्रू ठरत नाही, तसंच हे.

उत्तर बरोबरच आहे हो. पण नीट बघा, प्रश्न कोणाबद्दल विचारलाय? मागणी करणाऱ्याबद्दल. त्याचा हेतू शुद्ध आहे का, एवढंच यातून कळतं. सेन्सॉरशिपचा प्रश्न मात्र मागणाऱ्याच्या हेतूचा नसतोच. तो असतो वाचणाऱ्याच्या, बघणाऱ्याच्या वाटेत काय आडवं आलं याचा. हेतू चांगला असूनही परिणाम वाईट होऊ शकतो, आणि या निकालाच्या चौकटीत त्या परिणामाला खुर्चीच ठेवलेली नाही. निर्माता आहे, साइट आहे, इंटरनेट कंपनी आहे. वाचक कुठे आहे?

तुमच्या प्रस्तावासाठी हे लक्षात ठेवा. ‘अमुक केल्याने तमुक वाईट ठरतो का’ अशा रचनेचा प्रश्न दिसला की थांबायचं. तो बहुतेक वेळा परिणामावरून चारित्र्याकडे सरकलेला असतो.

‘सेन्सॉरशिप’ म्हणजे नक्की काय?

मराठी माणसाच्या डोक्यात या शब्दाबरोबर नाटक येतं. महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी कमलाकर सारंग याच व्यवस्थेविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या गोष्टीत तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. कोण अडवतंय हे माहीत आहे. काय अडवलंय हे माहीत आहे. आणि ज्याचं अडलं त्याला भांडायला दार आहे.

आता पायरसीच्या हुकमांना हे लावून बघा.

एक, कोण आणि कशासाठी? इथे विचार दाबण्याचा हेतू नाही, मालकी हक्काचं रक्षण आहे. त्यामुळे मंडळाने संवाद कापणं आणि चोरीच्या सिनेमाची साइट अडवणं एकाच मापाने मोजणारा लेख मला तरी पटत नाही. ‘ही सरळसरळ सेन्सॉरशिप आहे’ असं पहिल्याच परिच्छेदात लिहून मोकळे होऊ नका.

दोन, किती अडतं? मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१२ मधल्या अशाच अनामिक प्रतिवादींविरुद्धच्या हुकमानंतर व्हिमिओसारखी कायदेशीर साइटही बंद पडली. पुढे कोर्टाला स्पष्ट करावं लागलं की फक्त नेमक्या लिंक अडवायच्या. ऑगस्ट २०१७ मध्ये तर २,६०० हून जास्त साइट्सच्या यादीत इंटरनेट आर्काइव्ह आलं. सिनेमा वाचवायला निघालो आणि जुन्या वेबपानांचं अख्खं ग्रंथालय बंद झालं. हेतूचा प्रश्न विचारला तर हे नुकसान दिसत नाही, परिणामाचा विचारला तर लगेच दिसतं.

तीन, दाद कुठे मागायची? माझ्या मते खरी मेख इथे आहे.

मुंबईचं उत्तर वेगळं होतं

२०१६ मध्ये ‘ढिशूम’ सिनेमाच्या वेळी इरॉसने मुंबई उच्च न्यायालयाकडे असाच हुकूम मागितला. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी आधी सरसकट साइट्स अडवायला नकार दिला. लिंक तपासा, यादी नीट आणा, मग बोलू. नंतर नेमक्या लिंक अडवण्याचा हुकूम दिला, तोही अटीसकट: अडवलेल्या पानावर कोणत्या कायद्याखाली, कोणत्या दाव्यात अडवलं ते लिहायचं आणि तक्रारीची सोय ठेवायची.

दिल्लीच्या निकालाने ‘साइटवर सगळंच बेकायदा आहे हे दाखवा’ हा संख्येचा निकष नाकारला आणि साइटच्या स्वभावाचा निकष धरला. त्यामागचा तर्क समजतो. दोन-चार कायदेशीर फाइल ठेवून कोणीही पळवाट काढेल. पण निकष बदलताना मुंबईने वाचकासाठी ठेवलेली खिडकी मात्र उचलून इकडे आणायला हवी होती. ती आणली नाही. यादीत नवं नाव घालायला रस्ता सोपा केला, चुकून गेलेलं नाव काढायला सामान्य वाचकाने कुठे जायचं हे सांगितलं नाही.

हे करणं अशक्य नव्हतं. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ च्या यूपीसी टेलिकाबेल निकालात सांगितलं होतं की अडवणूक नेमकी हवी आणि इंटरनेट वापरणाऱ्यालाही कोर्टात हक्क सांगता यायला हवा. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(सी) मध्येही मुदत आहे: तक्रारीवरून लिंक बंद ठेवायची ती २१ दिवस, तोवर कोर्टाचा हुकूम आला नाही तर ती पुन्हा सुरू करता येते. म्हणजे संसदेला मुदत सुचली होती. गतिमान हुकमात ती दिसत नाही. उलट २०२३ मध्ये दिल्लीतच ‘डायनॅमिक प्लस’ हुकूम आला. तो पुढे तयार होणाऱ्या कलाकृतींनाही लागू.

इथे एक जण म्हणेल, ‘अहो, पण कलम १९(२) मध्ये कॉपीराइट नाहीच, मग हे घटनाबाह्य नाही का?’ इतकं सोपं नाही. १९६६ च्या नरेश मिरजकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की न्यायालयाच्या आदेशाला मूलभूत हक्कांचा भंग म्हणून आव्हान देता येत नाही. तिथेही एका पत्रकाराला साक्ष छापण्यापासून रोखलं होतं. म्हणजे कायद्याच्या भाषेत या हुकमांना सेन्सॉरशिप म्हणणं अवघड आहे. पण कायद्यात शब्द बसत नाही म्हणून अनुभव नाहीसा होत नाही. ही फट म्हणजेच तुमचा संशोधन प्रश्न.

आणि आता आपली संदर्भसूची

डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी साय-हबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये साय-हब अडवण्याचा हुकूम झाला, तोही कोर्टाला दिलेली हमी मोडली या कारणावरून. संशोधनासाठीच्या उचित वापराचा मुद्दा अंतिम निकालापर्यंत पोचलाच नाही.

२०१६ मधलं दिल्ली विद्यापीठाचं फोटोकॉपी प्रकरण याच्या शेजारी ठेवा. तिथे दुकानदार कोर्टात हजर होता, विद्यार्थ्यांची संघटना पक्षकार झाली होती, आणि शिक्षणासाठीच्या अपवादावर खरीखुरी चर्चा होऊन प्रकाशक हरले. वाचकाला खुर्ची मिळाली की कायदा वेगळा वाचला जातो.

साय-हब कायदेशीर आहे असं मी म्हणत नाहीये. लेख हवा असेल तर लेखकाला ईमेल करा, प्रीप्रिंट शोधा. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे, त्यात तुमची संस्था आहे का ते ग्रंथपालांना विचारा. पण ती योजना सरकारी संस्थांसाठी आहे. खाजगी कॉलेजातला किंवा पीएचडीला प्रवेश मिळण्याआधी घरी बसून प्रस्ताव लिहिणारा विद्यार्थी तिच्या बाहेरच राहतो. साइट अडते तेव्हा त्याचं नेमकं काय अडतं, हे कोणत्याच निकालात नोंदलेलं नाही.

माझं मत विचाराल तर: पायरसी रोखण्यासाठी साइट अडवणं मुळात सेन्सॉरशिप नाही. पण यादी बंद दाराआड वाढत गेली, मुदत नसली, कारण पडद्यावर दिसलं नाही आणि वाचकाला दाद मागता आली नाही, तर ते हळूहळू तेच होत जातं. निकालाला हा फरक करायची संधी होती. त्याने मागणाऱ्याला निर्दोष ठरवलं आणि तिथेच थांबला.

विषय घ्यायचा असेल तर एक छोटं काम सांगतो. कोणताही एक गतिमान हुकूम घ्या. मूळ यादीत किती नावं होती, नंतर किती वाढली, त्यातली किती कधी काढली गेली, एवढंच मोजा. ‘सेन्सॉरशिप’ हा शब्द तोवर प्रस्तावात लिहू नका. मोजून झाल्यावर तो लिहायचा की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.