वेताळाचा निरोप

काही गोष्टी आपण वाचून संपवतो, काही मात्र आपल्याला सोडून जातात. 'चांदोबा' मासिकातील विक्रम-वेताळाची मालिका दुसऱ्या प्रकारची. तेलुगू आणि तमिळ भाषांत जुलै १९४७ मध्ये मद्रासहून सुरू झालेले हे मासिक १९५२ साली मराठीत आले. मधल्या काळात ते काही दिवस बंदही पडले आणि अखेर २०१२-१३ च्या सुमारास त्याचा छापील अंक थांबला. मराठी घरांतील दोन-तीन पिढ्यांनी खांद्यावर प्रेत आणि हातात नंगी तलवार घेऊन स्मशानातून निघालेला तो राजा महिन्यामागून महिने पाहिला. सुमारे साठ वर्षे या मासिकासाठी चित्रे काढणारे के. सी. शिवशंकरन् ऊर्फ शंकर २०२० साली गेले. पुढच्याच वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तेव्हा मालिकेचा निरोप घ्यायला आता हरकत नाही. पण निरोप घेताना एक हिशेब राहून गेला आहे. ही मालिका संपली ती मासिक थांबले म्हणून. गोष्ट शेवटाला पोहोचली म्हणून नव्हे. मूळ गोष्टीला मात्र शेवट आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनी तो मुद्दाम वाचावा असा आहे.

गोदाकाठची गोष्ट

वेताळाच्या कथांचे सर्वांत प्रसिद्ध संस्कृत रूप सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे. हा ग्रंथ अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचला गेला. त्यातील राजा उज्जैनचा विक्रमादित्य नाही. त्याचे नाव त्रिविक्रमसेन, आणि तो राहतो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीत. म्हणजे आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणला! सोमदेव ज्या 'बृहत्कथे'चा आधार सांगतो तिचा कर्ता गुणाढ्य हाही याच नगरीतील सातवाहन राजाच्या पदरी होता, अशी कथा आहे. वेताळाच्या गोष्टी मुळात गुणाढ्याच्या की नंतर जोडलेल्या, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरी गोष्टीने स्वतःसाठी निवडलेले गाव पैठण आहे, एवढे निश्चित. शाळेची सहल नाथसागर पाहायला जाते तेव्हा ही माहिती मुलांना सांगण्यासारखी आहे.

मराठीशी या गोष्टींचा संबंधही 'चांदोबा'पेक्षा बराच जुना आहे. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची 'वेताळपंचविशी' १८३० साली छापली गेली. मराठीतील छापील पुस्तकांचा तो अगदी आरंभीचा काळ. छत्र्यांची इतर पुस्तके शाळेतील मुलांसाठी होती. म्हणजे छापील मराठीत शालेय पुस्तके आणि वेताळ जवळपास बरोबरच आले.

गोष्टीचा सांगाडा सर्वांना माहीत आहे. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू दहा वर्षे रोज राजाला एक फळ आणून देतो. एके दिवशी माकडाने फळ फोडल्यावर त्यातून रत्न निघते. उपकाराची फेड म्हणून भिक्षू राजाला अमावास्येच्या आसपास रात्री स्मशानातील शिसवीच्या झाडावरून प्रेत आणायला सांगतो. प्रेतात वेताळ असतो. तो वाटेत गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो आणि बजावतो, की उत्तर माहीत असून बोलला नाहीस तर डोक्याची शकले होतील. राजा बोलतो. मौन मोडल्यामुळे वेताळ पुन्हा झाडावर जातो.

उत्तरे तपासून पाहू

राजाची उत्तरे आपण लहानपणी निमूटपणे मान्य केली. आता ती तपासायला हवीत.

सोमदेवाच्या क्रमातील सहाव्या कथेत एका स्त्रीच्या हातून नवरा आणि भाऊ यांच्या मस्तकांची अदलाबदल होते. त्यांतला तिचा नवरा कोण? ज्याच्या धडावर नवऱ्याचे डोके आहे तो, कारण सर्व अवयवांत मस्तक मुख्य, असे राजा सांगतो. गिरीश कार्नाड यांच्या 'हयवदन' नाटकामागे हीच कथा आहे. मेंदूस्तंभाचा मृत्यू म्हणजे माणसाचा मृत्यू, ही कल्पना आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने स्वीकारली. त्या अर्थाने राजाचे उत्तर आजच्या समजुतीच्या जवळ जाते. पण राजाने कारण म्हणून दिले आहे ते केवळ एक विधान. मस्तक मुख्य का, हे तो सांगत नाही. उत्तर बरोबर आणि कारणमीमांसा कोरी, असा पेपर आपल्यापैकी प्रत्येकाने तपासलेला असतो.

बाविसाव्या कथेतील चूक अधिक गंभीर आहे. चार भाऊ विद्या शिकून येतात. जंगलात त्यांना एक हाड सापडते. एक जण त्याला मांस देतो, दुसरा कातडी व केस, तिसरा उरलेले अवयव आणि चौथा प्राण. उठलेला सिंह चौघांनाही खातो. दोष कोणाचा? राजा म्हणतो, चौथ्याचा. पहिल्या तिघांना हाड कोणत्या प्राण्याचे हे माहीत नव्हते, चौथ्याला मात्र समोर सिंह दिसत होता.

चौथ्याचा दोष मोठा आहे हे खरेच. पण पहिले तिघे निर्दोष कसे? ते अडाणी नव्हते. हाड कोणाचे आहे हे आधी ओळखावे, असे त्यांच्यापैकी एकालाही वाटले नाही. न कळणे वेगळे आणि कळून न घेणे वेगळे. प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी न वाचता रसायन ओतणाऱ्या विद्यार्थ्याला आपण 'त्याला माहीत नव्हते' म्हणून सोडत नाही. अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करणाऱ्या अनेक शास्त्रज्ञांना १९४५ नंतर हा प्रश्न छळत राहिला: माझ्या वाट्याचे काम एवढेसे होते, तर दोष कितीसा? राजाच्या न्यायाने त्यांतले बहुतेक सुटले असते. त्यांच्यातील काहींनी मात्र स्वतःला इतक्या सहज सोडले नाही.

शेवटचा प्रश्न

आता ती कथा, जिने मालिका संपते. सोमदेवाच्या क्रमात ही चोविसावी.

राज्य गमावलेला एक राजा जंगलात मारला जातो. त्याची राणी चंद्रवती आणि मुलगी लावण्यवती रानात भटकत राहतात. चंडसिंह नावाचा विधुर राजा आणि त्याचा मुलगा सिंहपराक्रम यांना वाळूत दोघींची पावले दिसतात. बापलेक ठरवतात, की मोठ्या पावलांची स्त्री वयाने मोठी असणार, तिच्याशी बापाने लग्न करावे; लहान पावलांचीशी मुलाने. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची निघतात. पण शब्द दिलेला असतो. त्यामुळे बापाचे लग्न मुलीशी होते आणि मुलाचे तिच्या आईशी. पुढे दोन्ही जोडप्यांना मुले होतात. वेताळ विचारतो, त्या मुलांचे एकमेकांशी नाते काय?

राजा विचार करतो. त्याला उत्तर सापडत नाही. तो गप्प चालत राहतो.

हा प्रश्न अकरावी-बारावीच्या वर्गात फळ्यावर सोडवता येतो. चंडसिंह आणि लावण्यवती यांच्या मुलाला 'अ' म्हणू, सिंहपराक्रम आणि चंद्रवती यांच्या मुलाला 'ब'. अ हा चंडसिंहाचा मुलगा, म्हणून सिंहपराक्रमाचा सावत्र भाऊ; तेव्हा तो ब चा काका. उलट ब हा चंद्रवतीचा मुलगा, म्हणून लावण्यवतीचा सावत्र भाऊ. तेव्हा तो अ चा मामा. एक जण दुसऱ्याचा काका आणि दुसरा पहिल्याचा मामा!

आता आनुवंशिकतेचा हिशेब करू. पालकाकडून अपत्याकडे निम्मी जनुके जातात, म्हणून प्रत्येक पायरीला १/२ ने गुणायचे. अ पासून चंडसिंहाकडे, तेथून सिंहपराक्रमाकडे आणि मग ब कडे, अशा तीन पायऱ्या होतात. या वाटेने १/८. दुसरी वाट अ पासून लावण्यवतीकडे, तिच्यापासून चंद्रवतीकडे आणि मग ब कडे. पुन्हा १/८. दोन्हींची बेरीज १/४. दोन्ही घराण्यांत आधीचे रक्ताचे नाते नाही असे धरले, तर अ आणि ब यांच्यात सरासरी तेवढीच जनुके समान असतील जेवढी सख्ख्या काका-पुतण्यांत किंवा दोन सावत्र भावांत असतात.

मग राजाला जे जमले नाही ते आपल्याला जमले का? माझ्या मते, नाही. वेताळाने जनुकांचे प्रमाण विचारले नव्हते, नाते विचारले होते. एकाच माणसाला काका म्हणायचे की भाचा, पाया कोणी कोणाच्या पडायचे, हे १/४ या संख्येवरून ठरत नाही. आपण एका वेगळ्या, सुटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर काढले. विज्ञान अनेकदा असेच पुढे जाते आणि त्यात कमीपणा नाही. मात्र आपण प्रश्न बदलला, हे वर्गात स्पष्ट सांगितले पाहिजे. ते न सांगता १/४ हे 'उत्तर' म्हणून फळ्यावर लिहिले, तर राजाचे मौन आपल्यापेक्षा अधिक शास्त्रीय ठरेल.

मौनाचे फळ

राजाच्या मौनाने वेताळ रागावत नाही. तो प्रसन्न होतो. इतका वेळ प्रतिस्पर्धी वाटणारा वेताळ येथे हितचिंतक होतो आणि भिक्षूचे कपट सांगतो. भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मी राजा आहे, मला तो येत नाही, आधी करून दाखव. मग तो वाकला की तूच तलवार चालव. एवढे सांगून वेताळ प्रेत सोडून निघून जातो. चोवीस फेऱ्यांची सोबत चार वाक्यांत संपते. राजा सांगितल्याप्रमाणे वागतो आणि वाचतो. 'मला माहीत नाही' हे एकदा प्रामाणिकपणे आणि 'मला येत नाही' हे एकदा युक्ती म्हणून, या दोन गोष्टींवर त्याचा जीव तरला.

'चांदोबा'तील मालिकेवरचा माझा मुख्य आक्षेप येथेच आहे. मूळच्या कथा संपल्यावरही मासिकाने वेताळाच्या चौकटीत नव्या-जुन्या लोककथा बसवून मालिका चालू ठेवली. तेलुगू आवृत्तीचे दीर्घकाळ संपादक असलेले कोडवटिगंटी कुटुंबराव हे मूळचे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. प्रश्नाची धार त्यांना चांगली कळत होती. कथाही पुष्कळदा उत्तम असत. परंतु मालिका चालू राहायची तर राजाला दर महिन्याला उत्तर येणे भागच होते. तो एकदा जरी गप्प राहिला असता तरी मालिका संपली असती. त्यामुळे आम्ही मुले वर्षानुवर्षे एक चुकीचा धडा शिकलो: प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते, ते शहाण्या माणसाला लगेच सुचते, आणि पानाच्या शेवटी छापलेले असते.

वेताळाचा नियम नीट पाहिला तर त्यात चार शक्यता आहेत. माहीत असून बोललास, तर मी परत जाईन. माहीत असून गप्प राहिलास, तर डोके फुटेल. माहीत नाही म्हणून गप्प राहिलास, तर आपण पुढे जाऊ. चौथी शक्यता, माहीत नसताना ठोकून देणे. तिचा वेताळाने विचारच केलेला नाही. राजा तसे करील, हे त्याच्या मनातही आले नसावे.

हा चौथा रकाना मी स्वतः भरलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेत चंद्रावर बोलत होते. सातवीतल्या एका मुलीने विचारले, की उगवताना चंद्र मोठा का दिसतो? हवेचा थर भिंगासारखे काम करतो, असे मी क्षणात सांगून टाकले. मुलीने वहीत लिहून घेतले. रात्री घरी पुस्तक उघडले तेव्हा उमगले, की उत्तर साफ चूक होते. अपवर्तनाने क्षितिजाजवळचा चंद्र उभ्या दिशेने किंचित चेपलेला दिसतो. मोठा दिसत नाही. उलट डोक्यावर येतो त्या मानाने उगवताना तो आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका, सुमारे ६,४०० किलोमीटर, अधिक दूर असतो आणि म्हणून दीड टक्क्याहून थोडा अधिक लहानच असतो. मोठेपणा हा आपल्या दृष्टीचा भास आहे. तो का होतो याची अनेक स्पष्टीकरणे आहेत, पण सर्वांना मान्य असे एकही नाही. त्या शाळेला मी पत्र पाठवले. ते त्या मुलीपर्यंत पोहोचले की नाही, मला माहीत नाही. तिच्या वहीत भिंग अजून असेल.

म्हणून शिक्षकमित्रांना एक सुचवावेसे वाटते. वेताळाला निरोप द्यायचा तर वर्गात द्यावा. सिंहाची गोष्ट सांगावी आणि राजाच्या उत्तराच्या आधी थांबावे. मुलांना वाद घालू द्यावा, राजाच्या विरुद्धही. मग दोन पावलांची गोष्ट सांगून नात्यांचा वृक्ष फळ्यावर काढावा. शेवटी पौर्णिमेला हात लांब करून, पेन्सिलीच्या टोकाशी ताडून, उगवता आणि माथ्यावरचा चंद्र मोजायला सांगावे. दुसऱ्या दिवशी मुले विचारतील, माप सारखेच आले, मग मोठा का दिसतो? तेव्हा आपण प्रामाणिकपणे म्हणावे, की याचे पूर्ण उत्तर मला माहीत नाही, आणि अजून कोणालाच नाही.

आपले डोके फुटणार नाही. वेताळ मात्र तेवढ्यापुरता झाडावर परत न जाता वर्गाबरोबर पुढे चालू लागेल.