लाल पट्टा कुठे गेला?

पीएचडीचा विषय कोणी विचारला की ‘मुंबईच्या उपनगरांतल्या रात्रीची छायाचित्रं’ एवढं सांगून मी थांबते. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ती ब्लॅक अँड व्हाइटच छान दिसतात ना? आजची पोस्ट त्या ‘च’बद्दल आहे.

स्लो शटर म्हणजे काय ते आधी थोडक्यात. शटर पाच-दहा सेकंद उघडं ठेवलं की कॅमेरा क्षण टिपत नाही, तो प्रकाशाची बेरीज करतो. थांबलेली वस्तू ठसठशीत येते, चालणारा माणूस पुसट होतो किंवा गायबच होतो, आणि गाडीच्या दिव्याची रेघ उमटते.

कृष्णधवलच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे रघु राय यांचा चर्चगेट स्टेशनचा १९९५ मधला फोटो. गर्दीचा धूर झालाय आणि वर्तमानपत्र वाचणारी माणसं तेवढी जागच्या जागी आहेत. इथे रंग नको, हे मला पूर्ण पटतं. शंभर शर्ट-साड्यांचे रंग एकमेकांवर सांडले की बहुतेक वेळा मळकट तपकिरी उरतो. फोटोचा विषय आहे थांबणं आणि वाहणं. त्याला करडा पुरतो.

आता हाच नियम जोगेश्वरीला लावून बघा. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवरच्या पादचारी पुलावर संध्याकाळी उत्तरेकडे तोंड करून ट्रायपॉड लावायचा. (कोणी भराभर चालत आलं की पूल थरथरतो, ते जाईपर्यंत थांबायचं.) डावीकडे टेललाइटचा लाल पट्टा, उजवीकडे हेडलाइटचा पांढरा. लाल म्हणजे गोरेगाव, मालाड, बोरिवलीला घरी निघालेली माणसं. ट्रॅफिक तुंबलं की त्या बाजूला रेघा उमटतच नाहीत, लाल डाग साचतात. हे कृष्णधवल केलं की दोन्ही पट्टे फक्त कमी-जास्त उजळ. कोण येतंय, कोण जातंय, घरी जायला कोणाला उशीर होतोय, सगळं पुसलं गेलं. फोटो ‘कलात्मक’ झाला खरा.

दुसरा मुद्दा दिव्यांचा, आणि माझ्या संशोधनासाठी तो जास्त महत्त्वाचा. जुन्या सोडियम दिव्यांचा प्रकाश पिवळ्या-नारिंगी भागात एकवटलेला असायचा. त्याखाली निळा शर्ट काळपट दिसतो. म्हणजे सोडियमखालचा रंगीत फोटो एका परीने एकरंगीच असायचा, फक्त करड्याऐवजी केशरी. डिजिटल कॅमेऱ्याच्या निळ्या चॅनेलमध्ये तर जवळपास नॉईजच हाती लागतो. अनेकांचं कृष्णधवलप्रेम या नॉईजवर पांघरूण घालण्यातून आलेलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग एलईडी आले. २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे दिवे पांढरे केले तेव्हा केवढा गदारोळ झाला. शेवटी पिवळसर प्रकाश परत आणावा लागला. उपनगरांतल्या दिव्यांसाठी असं कोण भांडणार? आमच्या हायवेवर तर जानेवारी २०२३ मध्ये आरे ते गुंदवली मेट्रो सुरू झाली आणि डोक्यावर स्टेशनच्या पांढऱ्या उजेडाचा आणखी एक मजला चढला. जोगेश्वरीच्या रात्रीचा रंग बदलला, पण त्याची नोंद कुठे आहे? त्या काळातले कृष्णधवल फोटो या बाबतीत मुके आहेत. सोडियमखाली काढलेला कोणता आणि एलईडीखाली काढलेला कोणता, हे नुसत्या करड्या छटांवरून ठरवणं फार अवघड.

रघुबीर सिंह यांनी रंगाची बाजू आयुष्यभर लढवली, पण त्यांचा युक्तिवाद भारतीय दृष्टीचा होता. माझा त्याहून साधा, दिव्याच्या खांबाचा आहे. या संदर्भात ध्रुव मल्होत्रा यांची ‘स्लीपर्स’ ही मालिका जरूर बघा. रात्री उघड्यावर झोपलेली माणसं, लांब एक्स्पोजर, आणि सगळं रंगीत. स्लो शटरमध्ये चालणारे विरघळतात; झोपलेला माणूस टिकतो, आणि तो कुठल्या दिव्याखाली झोपलाय तेही त्याच्या चादरीवर दिसतं.