भरती न येणारा सिनेमा

उरणच्या मोरा बंदरावर घड्याळापेक्षा पाण्याला मान आहे. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच एरवी तासाभरात इथं लागते. पण मोठ्या ओहोटीला बंदरातला गाळ उघडा पडतो आणि फेऱ्याच थांबतात. माणसं पिशव्या पायाशी ठेवून बसून राहतात. वैतागतात, पण बसतात, कारण पाणी चढणार हे ठाऊक असतं.

२०२१ च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ आम्ही घरच्या टीव्हीवर लावला. व्हेनिसच्या महोत्सवात आदल्या वर्षी त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला होता. भाचा दर दहा मिनिटांनी रिमोटकडे हात नेत होता. होडीवर आयुष्य काढलेले मामा मात्र शेवटपर्यंत बसले आणि उठताना म्हणाले, “लाँच रुतल्यावर बसतो तसा बसलो. भरती येईल, येईल म्हणून. आलीच नाही रे.”

ही तक्रार होती. पण या चित्रपटाबद्दल इतकं नेमकं वाक्य मी कुठल्या समीक्षेत वाचलेलं नाही. शरद नेरुळकर हा शास्त्रीय गाणं शिकणारा मुलगा वर्षानुवर्षं रियाज करतो, आजारी गुरुजींची सेवा करतो, लग्न पुढं ढकलतो, आणि त्याच्या गळ्यात ती गोष्ट उतरत नाही. त्याची भरती येतच नाही. मामांना जे खटकलं, तोच चित्रपटाचा विषय आहे.

रात्री रिकाम्या रस्त्यांवरून शरद मोटारसायकलवर जातो, तानपुरा चालू असतो, आणि कानात गुरुजींच्या गुरू माईंचा आवाज. माई एकदाही पडद्यावर दिसत नाहीत. त्यांना आवाज दिला दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांनी. चित्रपट इथं घराघरांत पोचला ३० एप्रिलला, त्याच्या अकरा दिवस आधी भावे गेल्या होत्या. त्या रस्त्यांवर काळ इतका संथ होतो की शहर खरं वाटेनासं होतं. भाच्याला नेमकी हीच दृश्यं पुढं ढकलायची होती. ती ढकलली की हाती उरतं एका अपयशी गवयाचं वेळापत्रक. शरद आणि त्याचं आयुष्य यांच्यातलं अंतर वाढत जातं ते त्या रस्त्यांवर.

अशा चित्रपटांवरचं आपल्याकडचं भांडण ‘काहीच घडत नाही’ आणि ‘तुम्हाला कळलं नाही’ या दोन वाक्यांत अडकलं आहे. दुसरं वाक्य मला अधिक घातक वाटतं, कारण ते बोलणं तिथंच बंद करतं. हे भांडण नवंही नाही. मणी कौल आणि कुमार शहानी यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांवर साक्षात सत्यजित राय यांनी कठोर लिहिलं होतं, आणि राय यांना सिनेमा कळत नव्हता असं कोण म्हणेल? विजय तेंडुलकरांच्या नाटकावरून मणी कौल आणि फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या इतर तरुणांनी १९७६ साली सहकारी तत्त्वावर ‘घाशीराम कोतवाल’ काढला. लांबलचक, न तुटणाऱ्या दृश्यांचा हा चित्रपट नाटकावर जीव टाकणाऱ्या मराठी प्रेक्षकापर्यंत धड पोचलाच नाही. त्याच्यावर मराठीत मतभेद व्हायला हवे होते. तेवढं भाग्यही त्याला लाभलं नाही.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘विहीर’वर ते झाले. त्यांचाच ‘वळू’ पाहून पोट धरून हसलेला प्रेक्षक २०१० मध्ये या चित्रपटाला गेला आणि गोंधळला. समीर आणि नचिकेत हे दोघे नात्यातले भाऊ. मृत्यूला प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं नाव ज्याला दिलंय तोच विहिरीत बुडून मरतो. इथपर्यंत गोष्ट आहे. पुढं समीर त्याला शोधत भटकतो, जणू लपाछपीतला गडी सापडायचा राहिलाय, आणि यातलं स्वप्न कुठलं, जागेपण कुठलं, हे चित्रपट सांगत नाही. दुसरा अर्धा भाग ताणलाय असं माझ्या ओळखीतल्या चांगल्या जाणकारांनाही वाटतं. मला वाटत नाही. कोवळ्या वयातल्या मुलाचं दुःख वेळेत आटोपत नसतं, आणि त्याला बोलताही येत नाही. चित्रपट त्याच्याबरोबर चालत राहतो, एवढंच त्याच्या हाती आहे.

मी कस लावतो तो असा: संथपणा कुठून आलाय? रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’मध्ये तो सुतकातून येतो. वडील वारल्यावर आनंद मुंबईहून गावी जातो आणि दहा दिवस त्याला तिथून हलता येत नाही. काय खायचं, कुठं झोपायचं, सगळं नेमून दिलेलं. त्या सक्तीच्या रिकामपणातच बाळ्याशी त्याची जवळीक वाढते. २०२५ साली सनडान्सच्या महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पण त्याची चाल गावाकडच्या कुणालाही समजावून सांगावी लागणार नाही. दहावा होईपर्यंत घर कसं चालतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

याउलट अक्षय इंडीकर यांच्या ‘त्रिज्या’त ध्वनी अप्रतिम आहे; मंदार कमलापूरकर यांना त्याबद्दल मिळालेला राष्ट्रीय पुरस्कार चोख आहे. पण पुण्यात वार्ताहरकी करणाऱ्या अवधूतच्या भटकंतीत अनेकदा वाटलं, की माणूस चौकटीतून निघून गेला तरी कॅमेरा थांबलाय तो काही दिसावं म्हणून नाही, तर अशा चित्रपटांत थांबायची रीत आहे म्हणून. इंडीकर यांच्याकडे नजर आहे, म्हणूनच हे बोलायला हवं. नव्या मुलांच्या कितीतरी लघुपटांत ही रीत आता सवयीसारखी उतरली आहे.

ताम्हाणे यांच्याच ‘कोर्ट’च्या खेळाला, २०१५ च्या एप्रिलमध्ये तो लागला तेव्हा, एक गोष्ट पाहिली. शेवटाकडे न्यायालयाचे दिवे एकेक करून मालवले जातात आणि पडदा काळा होतो. संपलं समजून अर्ध्या रांगा उठल्या. चित्रपट पुढं चालूच राहिला: सुटीवर गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेतात, पोरं ओरडून त्यांना उठवतात, ते एकाला थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. दाराशी पोचलेली माणसं तिथंच उभी राहिली. कुणी चिडून म्हणालं, “हे काय?” कुणी परत येऊन बसलं. त्या काळोखात एकाच सभागृहाचे दोन भाग झाले, आणि दोन्ही भाग चित्रपटातच होते. घरी रिमोट हातात असताना हे घडत नाही. चित्रपटगृहातही घडायला खेळ असावा लागतो. असा चित्रपट पाहायला उरणहून पनवेल किंवा वाशी गाठावी, तर तो बहुधा दुपारच्या एकाच खेळाला असतो आणि पुढच्या शुक्रवारी उतरलेला असतो. मग प्रेक्षकाला आवडत नाही असा निकाल कशाच्या आधारावर द्यायचा?

२०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली. पहिल्या काही फेऱ्यांतच मामा बसून आले आणि संध्याकाळी मला म्हणाले, “त्या पिक्चरमध्ये शेवटी गाडीत एक जण गात येतो. शरद त्याच्याकडे नीट बघतो का रे?”

मला खात्रीनं आठवेना. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही तेवढंच दृश्य पुन्हा लावलं. भाच्यानं रिमोट मामांकडे दिला.