झुकोचे लाड

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ पाहिलेली दोन माणसं एकत्र आली की अर्ध्या तासात वाद सुरू होतो : लेखकांचा लाडका कोण? एक म्हणतो, झुको. एवढे उद्योग करूनही सगळे त्याला माफ करतात, वर शेवटी गादीही त्यालाच. दुसरा म्हणतो, छे, आंग. मालिका त्याच्या नावाची, शेवटची लढाई त्याची, कटाराही त्याचीच. तिसरं कुणी असेल तर ते टॉफचं नाव काढतं, कारण ती हरताना फारशी दिसतच नाही. २००५ ते २००८ या काळात निकलोडियनवर आलेले हे ६१ भाग. आम्ही अजून भांडतोय.

(पाहिली नसेल त्यांच्यासाठी : फायर नेशनने शंभर वर्षं जगाशी युद्ध मांडलंय. ते थांबवणं हे आंग नावाच्या बारा वर्षांच्या मुलाचं काम. झुको हा फायर नेशनचा हाकललेला राजपुत्र, आंगला पकडलं की बाप घरी घेईल या आशेवर जगणारा. पुढे सगळं फोडलंय, आधीच सांगतो.)

वाद मला आवडतो, त्यातले पुरावे पटत नाहीत. कोण किती वेळा जिंकलं, कुणाला किती मिनिटं मिळाली, कुणाचं कुणाशी जुळलं. मोजायला सोपं आहे म्हणून आपण हे मोजतो. आमच्या धंद्यातही हेच चालतं. डॅशबोर्ड हिरवा दिसला की सगळं ठीक आहे असं समजून माणसं घरी जातात. लेखकाचा जीव कुणात अडकलाय हे बघायचं तर मी दुसरंच बघतो. पात्राला मनापासून चुकू दिलंय का, आणि त्या चुकीची किंमत त्याच्याकडून वसूल केलीय का?

दुसऱ्या सीझनमधला ‘झुको अलोन’ घ्या. २००६चा भाग, लेखिका एलिझाबेथ वेल्च एहॅझ. अख्ख्या मालिकेत आंग ज्यात दिसतच नाही असा हा एकच भाग, त्यामुळे ‘झुकोचे लाड होतात’ म्हणणाऱ्यांचा हा हुकमी एक्का. पण यात झुकोचं होतं काय? उपाशी, एकटा तो अर्थ किंगडममधल्या एका गावात पोचतो. ली नावाच्या मुलाच्या घरी त्याला काम मिळतं, जेवण मिळतं, कोठारात झोपायला जागा मिळते. गावात सैनिक म्हणवणारे गुंड लोकांना लुबाडतायत. झुको त्या पोराला दोन तलवारी कशा धरायच्या ते दाखवतो, निघताना काकाने दिलेला सुरा देतो. मग ली गुंडांच्या तावडीत सापडतो. झुको परत येतो, तलवारींनी लढतो, मार खातो आणि शेवटी आग वापरून जिंकतो. त्याच दमात स्वतःचं नाव, कुळाचं नाव सगळं सांगून टाकतो.

दुसऱ्या कुठल्याही कार्टूनमध्ये इथे गाव जल्लोष करतं. हे गाव मागे सरतं. तो गुडघ्यावर बसून सुरा पुन्हा पुढे करतो, तर पोरगं म्हणतं, मला तुझा तिरस्कार वाटतो.

आणि गाव चूक नाहीये! त्यांचे मुलगे याच्याच बापाच्या सैन्याशी लढायला गेलेत. लेखिकेचा झुकोवर जीव आहे हे प्रत्येक फ्लॅशबॅकमध्ये कळतं. आई कशी गेली हे आपल्याला इथेच दिसतं, गळा दाटून येतो. तरी त्याचं दुःख खरं करण्यासाठी तिने गावाला खोटं पाडलेलं नाही.

सीझनच्या शेवटी तर कमाल आहे. बा सिंग सेमध्ये झुको काकाच्या चहाच्या दुकानात काम करतोय, तापातून उठलाय, हसायला शिकलाय. आपण मनातल्या मनात ‘सुधारला रे’ म्हणून मोकळे झालेलो असतो. आणि तो बहिणीच्या, अझुलाच्या बाजूने जातो. आंगवर वीज पडते, आयरो काका तुरुंगात. तिथे त्याला सुधारून टाकणं किती सोपं होतं! पुढच्या सीझनमध्ये त्याला हवं ते सगळं मिळतं, बाप, महाल, मान, आणि त्यातलं काहीच गोड लागत नाही. हे भाग मला सगळ्यांत जास्त आवडतात, कारण इथे त्याला कुणी शिक्षाही करत नाही. त्याचं त्यालाच कळत जातं.

मग तो आंगच्या टोळीकडे येतो. माफी लगेच मिळत नाही. समजूत काढायला आलेल्या टॉफचेच पाय तो चुकून भाजतो. कटारा स्पष्ट सांगते, एक पाऊल वाकडं पडलं तर मी आहे. लाड म्हणतात ते हेच असतील तर मला आक्षेप नाही.

आता आंग. त्याच्याकडूनही किंमत वसूल झालीय, नाही असं नाही. पळून गेल्यामुळे शंभर वर्षं बर्फात, परत आला तर त्याचे लोक संपलेले. वाळवंटात आपा चोरीला गेल्यावरचा त्याचा संताप भीतीदायक आहे. काही प्रेक्षकांचं मात्र ‘नावडतीचं मीठ अळणी’ असं असतं, आंगने काहीही करो, त्यांना ते पोरकटच वाटतं. मी त्यांच्यातला नाही.

पण शेवट. ओझाईला मारायचं की नाही? मारलं तर आंग ज्या शिकवणीचा शेवटचा वारस आहे ती मोडते, नाही मारलं तर जग जळतं. तो आधीच्या अवतारांना विचारतो. यांगचेन, त्याच्याच समाजाची, तीही सांगते की तुझ्या मनःशांतीपेक्षा जग मोठं. लहान मुलांच्या मालिकेत एवढा खरा पेच मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आणि मग लायन टर्टल येतं, एक नवी विद्या देतं, पेच गायब. त्यातच लढताना पाठीवरची जखम नेमकी एका दगडावर आपटते आणि हरवलेली अवतार स्टेट परत येते. एका लढाईत दोन भेटी. कासवाचं चित्र आधी ग्रंथालयात ओझरतं दाखवलंय, असं समर्थक सांगतात. मान्य, चित्र दाखवलंय. पण आंगने निवडायचं होतं, आणि निकाल आधीच हार्डकोड केलेला निघाला. ‘आंगवर लेखकांची मेहेरनजर’ या आरोपात तथ्य असेल तर ते इथे आहे. मला यात प्रेमापेक्षा काळजी जास्त दिसते. पोराला परीक्षेला बसवायचं आणि पेपर आपणच लिहायचा, तसलं.

नेटफ्लिक्सच्या २०२४च्या लाइव्ह ॲक्शनने हाच प्रकार झुकोच्या बाबतीत केला. मूळ मालिकेत तो ४१व्या तुकडीचा बळी देण्याला विरोध करतो म्हणून बाप त्याचा चेहरा जाळतो. नव्या मालिकेत त्याच्या जहाजावरचे खलाशी म्हणजे तीच वाचलेली तुकडी. प्रसंग डोळ्यांत पाणी आणतो, खोटं कशाला बोला. पण पहिल्याच सीझनमध्ये त्याला अख्खं जहाज कृतज्ञ मिळालं, तर लीच्या गावात त्याने गमवायचं काय? नायकाची बाजू घेणं आपल्याला नवीन नाही. कर्णाला हृदयाशी धरणारं ‘मृत्युंजय’ आणि त्याच्याकडे अजिबात हळवेपणाने न बघणारं ‘युगान्त’, दोन्ही १९६७चीच. मूळ झुकोमध्ये दोन्ही नजरा एकत्र आहेत. रिमेकने त्यातली एकच उचलली.

राहिली टॉफ. तिला लाडकी म्हणणारे तिचे विनोद आणि विजय मोजतात. आंधळी, श्रीमंत घरातून पळालेली, धातू वाकवण्याची विद्या शोधून काढणारी. पण घराचं काय? ‘द रनअवे’च्या शेवटी ती कटाराकडून आईबापांना पत्र लिहून घेते, ससाणा ते घेऊन उडतो. पुढे काय झालं, ते मालिका सांगत नाही. झुकोबरोबर मात्र आंग, सॉका, कटारा सगळ्यांची एकेक मोहीम झाली, तिघंही काहीतरी घेऊन परतले. शेवटच्या भागांत टॉफ झुकोचा दंड पकडून म्हणते, आता माझी पाळी. वाटेत ती आपलं बालपण सांगायला लागते. झुकोला आंगला शोधायचंय, तो तिचं बोलणं मध्येच तोडतो. टॉफ वैतागून म्हणते, सगळ्यांत भिकार सहल.

म्हणजे लेखकांना माहीत होतं.