हजेरीपटाबाहेरची बाळंतीण
२०१७ साली पगारी प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, तेव्हा आपल्या पांढरपेशा वर्तुळात मोठा आनंद झाला. सरकारने अशी रजा सक्तीची करावी की नाही, हा वाद त्यांच्यापुरता मिटला. आपल्यापुरता तो मिटलेला नाही. कायद्याची सक्ती आहे ती कारखाने, खाणी, मळे आणि दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकाने-आस्थापनांवर. शिवाय बाईने आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असावे लागते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हाच साचा ठेवला. जिचे नावच हजेरीपटावर नाही, तिने हे ८० दिवस कोठून दाखवायचे?

ऊसतोडीचे पाहा. बीडकडून निघणाऱ्या टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. उचल कोयत्यावर, मजुरी टनावर. बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. मग पगारी रजेतला पगार कोणता? कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी नुसता मध्यस्थ. काम बुडाले की खाडा कापला जातो, मग ती पाळी असो की गर्भारपण. या बायकांची गर्भाशये काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. डॉक्टरांच्या नफेखोरीवर बोट ठेवले गेले, ते योग्यच होते. परंतु रजेच्या कायद्यावर व्याख्याने देणाऱ्यांना हा आपला विषय वाटला नाही. आणि बाई बसली की पुरुषाचाही कोयता मोडतो. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्वरजा आहे; या बापाला कसलीच नाही.

सक्ती केली तर मालक बायकांना कामावर घेणार नाहीत, असे सांगितले जाते. यात तथ्य आहे, कारण २६ आठवड्यांचा पगार एकट्या मालकाच्या माथी आहे. पण त्यातून सक्ती नको असे निघत नाही. खर्चाची वाटणी चुकली आहे, एवढेच निघते. १९२८ च्या जुलैत मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हेच सांगितले होते: आईची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने सोसावा, बायकांच्या श्रमावर नफा मिळवणारा मालकही त्यातून सुटू नये. कर्मचारी राज्य विमा योजनेत हा लाभ सामाईक निधीतून मिळतोच. म्हणजे रीत ठाऊक आहे, ती शेतमजुरणीपर्यंत न्यायची नाही, एवढेच.

सरकारची दानत पाहा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरोदर बाईला किमान ६००० रुपये कबूल केले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने ५००० दिले, तेही पहिल्याच मुलासाठी. पुढे २०२२ पासून दुसरी मुलगी झाली तर ६०००. कामाच्या ठिकाणी मालक म्हणून सरकार याहून वेगळे वागत नाही. दिल्ली महानगरपालिका रोजंदारीवरच्या बायकांना हा लाभ नाकारत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि २००० साली हरली. आमच्या महाविद्यालयात कायम प्राध्यापिकेला पूर्ण पगारी रजा आहे. त्याच वर्गावर तासिका तत्त्वावर शिकवणारी बाळंत झाली की तिचे तास दुसऱ्याला जातात. ‘प्रसूतिरजा’ हा शब्दच आमच्या घरात मी नोकरीला लागल्यावर आला. आमच्या आयांना तो लागलाच नव्हता.

म्हणून मागणी रजेचे आठवडे वाढवण्याची नव्हे, हजेरीपटाची अट तोडण्याची असली पाहिजे. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, कारखान्यांकडून टनामागे रक्कम घेण्याचे ठरलेले आहे. त्या रकमेतून आणि सरकारच्या तेवढ्याच वाट्यातून प्रत्येक गरोदर ऊसतोड बाईला २६ आठवड्यांची किमान मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यावर द्यावी, आणि ती उचलीत वळती करण्यास बंदी असावी. गाळप हंगाम सुरू होण्याआधी हा प्रश्न साखर आयुक्तांच्या दारात नेता येईल.