'ईस्टर' : एक विरळा क्रियापद

जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स ह्या येशूसंघीय कवीने 'द रेक ऑफ द डॉइचलँड' ह्या ३५ कडव्यांच्या काव्याच्या शेवटच्या कडव्यात 'ईस्टर' हा शब्द क्रियापद म्हणून योजिला आहे. पूर्वेकडे वळणे, हा त्या क्रियापदाचा जुना व क्वचित आढळणारा अर्थ. कवीने त्यात पुनरुत्थानाचा अर्थ भरला. कर्ता ख्रिस्त, आणि क्रियेचे स्थान आपले अंतर्याम.

ह्या शब्दाचे मोल काव्याच्या प्रसंगावरून कळते. प्रशियातील फाल्क कायद्यांमुळे निर्वासित झालेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी डिसेंबर १८७५ मध्ये टेम्स नदीच्या मुखाबाहेर जहाज वाळूत रुतल्याने मृत्यू पावल्या. त्यांतील एकीने ख्रिस्ताला 'लवकर ये' अशी हाक मारल्याचे वृत्त होते; ती हाक काव्याच्या केंद्रस्थानी आहे. अखेरचे क्रियापद हे तिचे उत्तर होय. वादळ शमले नाही, भगिनी वाचल्या नाहीत. तरी पूर्व उजळावी, एवढेच मागणे कवी करतो. काव्य दुर्बोध खरे. येशूसंघाच्याच 'द मंथ' मासिकाने ते छापले नाही, आणि कवीच्या निधनानंतर २९ वर्षांनी, १९१८ साली, रॉबर्ट ब्रिजेस ह्यांनी ते प्रकाशात आणले. परंतु ह्या एका शब्दात दुर्बोधता नाही, संक्षेप आहे.

मराठीत तो कसा आणावा? 'आमच्यात ईस्टर साजरा होवो' असे म्हटल्यास कर्तेपण ख्रिस्ताकडून आपल्याकडे येते व क्रियेचा सण होतो. 'पुनरुत्थित हो' ह्यात सिद्धान्त राहतो, पहाट हरपते. वास्तविक नामापासून धातू साधणे मराठीला परके नाही. मोहरापासून मोहरणे, पालवीपासून पालवणे हे आपण सहज बोलतो. 'उजाडणे' अर्थाने जवळचे. पण आज्ञार्थी 'उजाड' म्हणताच ओसाडपणाचा भास होतो. म्हणून 'आमच्या ठायी उगव' हेच मला ग्राह्य वाटते. सूर्यही उगवतो आणि भूमीत पडलेला गव्हाचा दाणाही. शिवाय 'ईस्टर' शब्दाचे मूळ आपल्या 'उषस्' शब्दाच्या मुळाशी एकच असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मानतात. सणाचे नाव मात्र ह्या भाषांतरात गळते. ती उणीव प्रवचनकाराने विवरणाने भरून काढावी.

धर्मशिक्षणात पुनरुत्थान बहुधा भूतकाळात शिकविले जाते. हॉपकिन्सचे क्रियापद ते वर्तमानकाळात आणते. शिकविणाऱ्यांनी निदान एवढे तरी त्याच्याकडून घ्यावे.